कंपवाताच्या रुग्णाची रात्रीची लघवी: घरी काय पाहावे, काय करावे

कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्स, म्हटले की थरथरणारा हात, अडखळणारी पावले आणि कोरा पडलेला चेहरा एवढेच डोळ्यांसमोर येते, आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर घरची माणसेही तेवढेच सांगतात. रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागते ही गोष्ट ‘वय झाले, चालायचेच’ म्हणून बाजूला राहते. वास्तविक या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना हा त्रास होतो आणि अनेकांच्या बाबतीत तो आजार फार पुढे जाण्याची वाट पाहत नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला, तेव्हा मलमूत्रावरचा ताबा सुटणे हे त्यांनी अखेरच्या अवस्थेचे लक्षण म्हणून नोंदवले होते. आज आपल्याला दिसणारा रात्रीचा त्रास त्याच्या कितीतरी आधीचा असतो आणि त्यावर बरेच काही करता येते.

मूत्राशय भरत असताना ‘अजून थांब’ हा निरोप मेंदूच्या खोल भागातून जात असतो आणि त्या भागाचे काम डोपामीन या मेंदूतल्या रसायनावर चालते. कंपवातात ते कमी पडले की हा निरोप क्षीण होतो, मूत्राशय पुरते भरण्याआधीच आकसू लागते आणि रुग्णाला अचानक अशी घाई होते की चप्पल पायात सरकवण्याइतकीही उसंत मिळत नाही. मात्र रात्रीच्या त्रासाचे सगळे खापर मूत्राशयावर फोडणे बरोबर नाही. कित्येकांचे मूत्राशय ठीक असते, पण रात्री लघवीच जास्त तयार होते. काहींना कूस वळता न आल्याने किंवा पायात गोळा आल्याने जाग येते, आणि जाग आली म्हणून ते लघवीला जातात. काहींचे मूत्राशय कधी पूर्ण रिकामेच होत नाही. या सगळ्यांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करू शकते. म्हणून गोळी मागण्याआधी वही लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी तीन दिवसांची वही

मिलिलिटरच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग बाजारातून आणावा आणि तो फक्त याच कामासाठी ठेवावा. पुरुषांना थेट मगात लघवी करता येते. स्त्रियांसाठी कमोडच्या खुर्चीखालचे भांडे किंवा पसरट टोप वापरून नंतर मगाने मापावे. तीन दिवस आणि तीन रात्री, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिलिलिटर लघवी झाली ते लिहावे. ते दिवस सलग असण्याची गरज नाही, पण घरात पाहुणे किंवा गणपती असतील तो आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा नेहमीसारख्या राहत नाहीत. शेजारच्या रकान्यात पाणी, चहा, पेज, ताक, सोलकढी असे जे जे पोटात गेले ते अंदाजे मापासह लिहावे. रात्रीच्या नोंदीत आणखी दोन गोष्टी हव्यात: जाग कशाने आली, आणि मोरीपर्यंत पोचेतो कपडे ओले झाले का. आडवे होण्याची आणि सकाळी उठण्याची वेळ विसरू नये.

हिशेब करताना एक खाचखळगा असतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या मापात धरावी लागते, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. मात्र ‘रात्री किती वेळा उठावे लागले’ या आकड्यात ती धरत नाहीत. समजा, घरातले आबा रात्री दहाला आडवे झाले आणि साडेबाराला २५०, अडीचला २५०, साडेचारला १५० आणि सहाला उठल्यावर २०० मिलिलिटर लघवी झाली. रात्रीची बेरीज ८५० झाली. दिवसभरात ६५० झाली असेल, तर चोवीस तासांच्या १,५०० पैकी निम्म्याहून जास्त लघवी रात्री झाली. वयस्कर माणसात हा वाटा एक तृतीयांशापेक्षा जास्त असला, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे डॉक्टर मानतात. आबांच्या मूत्राशयात एका वेळी २५० मिलिलिटर सहज मावते आहे, तेव्हा ते शांत करणाऱ्या गोळीने त्यांचे काय भले होणार?

याउलट वहीत ८०, १००, ७० असे लहान लहान आकडे आणि प्रत्येकासमोर ‘फार घाई’ असे लिहिलेले असेल, तर दोष बहुधा मूत्राशयाच्या चंचलपणाचा, किंवा ते नीट रिकामे न होण्याचा. या दोहोंतला फरक वहीवरून कळत नाही. त्यासाठी लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी करून आत किती उरली ते पाहावे लागते. आणि चोवीस तासांची बेरीजच तीन लिटरच्या आसपास जात असेल, तर सर्वांत आधी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

रात्रीच लघवी का तयार होते

या रुग्णांमध्ये याचे एक मोठे कारण रक्तदाबात दडलेले असते आणि ते सहसा कोणी तपासत नाही. आजारामुळे रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही दुबळ्या होतात. मग उभे राहिल्यावर दाब घसरतो आणि सपाट आडवे झाल्यावर चढतो. चढलेल्या दाबामुळे मूत्रपिंडे मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकू लागतात. घरी दाब मोजण्याचे यंत्र असेल, तर पाच मिनिटे आडवे पडल्यावर, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला दाब मोजून वहीत लिहावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर ही बाब डॉक्टरांना आवर्जून सांगावी. अशा माणसाने रात्री सपाट झोपू नये. खाटेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली लाकडाचे भक्कम ठोकळे देऊन ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचलावी. ठोकळ्यांना वरून खळगा पाडून घ्यावा, म्हणजे पाय सरकत नाही. गावातला सुतार हे काम तासाभरात करून देतो. उशांची चळत लावून हे साधत नाही, तिने फक्त मान आणि कंबर वाकते. दाब वाढवण्यासाठी मिडोड्रीन चालू असेल, तर दिवसातली शेवटची गोळी आडवे होण्याच्या किमान चार तास आधी झालेली असावी.

दुसरे कारण पायांत असते. दिवसभर ओटीवर पाय सोडून खुर्चीत बसलेल्या माणसाच्या घोट्यांशी पाणी साचते आणि रात्री आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परतून लघवीवाटे निघते. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबून पाहावे. खळगा राहिला तर सूज आहे. दुपारच्या जेवणानंतर तासभर डोके थोडे उंच आणि पाय लोडावर ठेवून पडावे, म्हणजे हे पाणी रात्रीऐवजी संध्याकाळीच निघून जाते. दिवसा घरापुढच्या खळ्यात चार फेऱ्या मारल्यानेही फरक पडतो. सूज औषधांमुळेही येते: रक्तदाबाची अमलोडिपिन, आणि कंपवातासाठीच दिली जाणारी प्रामिपेक्सोल व अमँटाडीन ही त्यांतली नेहमीची नावे. म्हणून चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, पण त्यातले काहीही आपल्या मनाने बंद करू नये. अंगातले पाणी काढणारी लघवीची गोळी चालू असेल तर ती दुपारी घेता येईल का, हे विचारावे. सुजेबरोबर धापही लागत असेल, तर हृदयाची तपासणी आधी.

तिसरे कारण मीठ, आणि ते आपल्याकडे पानातच वाढलेले असते. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुका बांगडा, सोडे, खारवलेले मासे, सोबत लोणचे, सांडगी मिरची, पापड, असे रात्रीचे जेवण खारट होत जाते. जपानमधील नागासाकी येथील डॉक्टरांनी २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात, रोजचे मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलेल्या लोकांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आले होते. ते लोक कंपवाताचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, हे ध्यानात ठेवावे. कारण ज्या रुग्णाचा दाब उभे राहिल्यावर घसरतो त्याला डॉक्टर कधी कधी मीठ मुद्दाम वाढवायला सांगतात. त्याने परस्पर मीठ तोडले तर मोरीच्या दारात चक्कर येऊन पडायची वेळ येईल. मधला मार्ग असा की मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि जे काही खारट खायचे ते दुपारच्या जेवणात खावे.

चौथे कारण घोरणे. जोरात घोरताना श्वास मध्येच थांबत असेल तर त्यानेही रात्री लघवी वाढते. शेजारी झोपणाऱ्याने ते लक्ष ठेवून सांगावे.

पाणी तोडायचे नाही, वेळ बदलायची

सासऱ्यांना सुनेसमोर ओले अंथरूण नको असते, आजींना नातवाला हाक मारायची लाज वाटते, आणि मग दोघेही एकच उपाय शोधून काढतात: पाणीच प्यायचे नाही. हा उपाय आजारापेक्षा वाईट. पाणी कमी झाले की मल घट्ट होतो, साचलेला मल मूत्राशयावर दाब देतो, लघवी दाट होऊन जळजळ व जंतुसंसर्ग होतो आणि दाब अधिकच घसरतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पोटात जायला हवे. वैशाखातल्या घामाच्या दिवसांत त्याहून थोडे जास्तच. फक्त त्यातले बहुतेक सहाच्या आत संपवावे आणि झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत औषधापुरते घोटभर घ्यावे. संध्याकाळचा दुसरा चहा, झोपतानाचे पेलाभर दूध, रात्रीच्या भातावरची वाटी-दोन वाटी सोलकढी, उन्हाळ्यात कलिंगड किंवा शहाळे, हे सगळे दुपारकडे सरकवता येते. रात्री पातळ पेजेऐवजी मऊ भात द्यावा. मद्याने लघवी वाढते आणि तोलही जातो, तेव्हा माडी काय किंवा फेणी काय, रात्री नकोच.

झोपायच्या आधी दोनदा लघवी करून घ्यावी: एकदा, मग पाच मिनिटांनी पुन्हा बसून. पुरुषांनीही रात्री बसूनच करावी. उभ्याने तोल जातो आणि मूत्राशयही नीट मोकळे होत नाही.

खाटेपासून मोरीपर्यंत

लघवीने माणूस ओला होतो, पण रात्रीच्या अंधारात पडला तर खुब्याचे हाड मोडते. घरातली सगळी तयारी या दुसऱ्या धोक्याकडे पाहून करावी.

आपल्याकडच्या जुन्या घरांची रचनाच अशा रुग्णाच्या विरुद्ध आहे. झोपायची खोली माजघराला लागून, तिथून उंच उंबरठा, मग मागची पडवी, जांभ्याच्या दोन पायऱ्या आणि पलीकडे परसात संडास. जून ते सप्टेंबर त्या पायऱ्यांवर शेवाळ असते, वीज कधी जाईल याचा नेम नसतो आणि अंगणात फुरसे असण्याची भीती बाराही महिने. माझा सल्ला असा की कंपवाताच्या रुग्णाने सूर्यास्तानंतर लघवीसाठी घराबाहेर पडूच नये. खाटेशेजारी कमोडची खुर्ची किंवा झाकणाचे मूत्रपात्र ठेवावे, ज्याला औषधाच्या दुकानात युरिनल म्हणतात. स्त्रियांसाठी ते रुंद तोंडाचे वेगळे मिळते. ‘घरात असले काही नको’ असे म्हणणारी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांनी कोकणातल्या घरातून मध्यरात्री पाऊस कोसळत असताना खुब्याचे हाड मोडलेल्या माणसाला दवाखान्यात कसे न्यायचे, याचा एकदा विचार करावा.

खुर्ची रुग्ण ज्या बाजूने सहज उठतो त्या बाजूला, खाटेला चिकटून ठेवावी. तिला चाके असतील तर ती अडकवून ठेवावीत. खाटेची उंची अशी असावी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. खाली अंथरूण टाकून झोपण्याची सवय या आजारात सोडावी लागते. उठताना पाठीवरून सरळ वर येण्याचा प्रयत्न करू नये. आधी गुडघे दुमडावेत, कुशीवर वळावे, पाय खाटेखाली सोडावेत आणि कोपराने रेटा देत बसते व्हावे. मग काठावर मिनिट-दोन मिनिटे बसून घोटे वर-खाली हलवावेत आणि चक्कर नाही असे पाहून उभे राहावे. घाई झालेली असते तेव्हा हे थांबणे जिवावर येते, पण पडणे नेमके त्याच क्षणी होते. ज्यांना बसेपर्यंतही दम धरवत नाही त्यांनी कुशीवर असतानाच मूत्रपात्र वापरावे. कूस सहज वळावी म्हणून कमरेखाली गुळगुळीत सॅटिनचा पट्टा अंथरावा. जाडी, खरबरीत गोधडी अंगाला धरून ठेवते.

चालावेच लागत असेल, तर दाराच्या चौकटीपाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, तिथे जमिनीवर आडव्या रेघा ओढाव्यात आणि एकेक रेघ ओलांडत जायला सांगावे. फरशीवर रंगीत चिकटपट्टी चालते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती टिकत नाही, तिथे चुन्याची रेघ मारावी आणि सारवण झाले की पुन्हा ओढावी. रेघांमधले अंतर रुग्णाच्या सहज पडणाऱ्या पावलाएवढे ठेवावे. पाय अडले तर मागून ढकलू नये. उंबरठ्यालगत भिंतीत पकडायला दांडा बसवून घ्यावा, पायपुसणी आणि चटया उचलून ठेवाव्यात, आणि मंद दिवा रात्रभर चालू ठेवून उशाशी बॅटरीही ठेवावी, कारण पहिल्या वादळी पावसात वीज जाणारच.

कपड्यांकडेही पाहावे. थरथरत्या बोटांना नाडीची गाठ सुटत नाही. लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक लावावे, किंवा पुरुषांनी लुंगी आणि स्त्रियांनी सैल गाऊन वापरावा.

अंथरूण असे घालावे

गादीवर मेणकापड, त्यावर सुती चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर, असा दुहेरी थर घालावा. रात्री वरचा थर ओला झाला तर तो तेवढा ओढून काढता येतो आणि खालचे कोरडे अंथरूण तयारच असते. रुग्णाला पहाटे दोन वाजता खुर्चीत थरथरत बसावे लागत नाही. श्रावणात गोधडी चार-चार दिवस वाळत नाही, म्हणून जुन्या सुती लुगड्यांच्या घड्या वापरणे उत्तम. डायपर वापरण्यात कमीपणा नाही, पण तो ओला झाल्यावर सकाळपर्यंत तसाच ठेवू नये. दमट हवेत कातडी लवकर सोलवटते.

मुले मुंबईला आणि घरात दोघेच म्हातारे, अशी स्थिती असेल तर सांभाळणाऱ्या माणसाच्या झोपेचाही विचार करायला हवा. रुग्णाच्या हाताशी घंटा ठेवावी आणि ज्या रात्री घरात तिसरे कोणी असेल त्या रात्री पत्नीला दुसऱ्या खोलीत झोपू द्यावे.

औषधांबद्दल डॉक्टरांशी काय बोलावे

रात्री अंग ताठ झाल्याने उठता येत नसेल, तर झोपताना लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाची लांब काळ टिकणारी गोळी देता येते. तिने कूस वळणे व मोरी गाठणे सोपे होते, पण लघवीच्या घाईवर तिचा परिणाम प्रत्येकात वेगळा दिसतो. मूत्राशय शांत करणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या जुन्या गोळ्यांनी वयस्कर रुग्णाला भ्रम होणे, विसरायला होणे, बद्धकोष्ठ वाढणे असे त्रास होतात. विसराळूपणा किंवा भास आधीच असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे मिराबेग्रॉनसारख्या वेगळ्या गटाच्या औषधाचा विचार होतो. ते चालू असताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. थरथरीसाठी ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर तेही सांगावे, कारण त्यानेही लघवी अडते आणि भ्रम होतो. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही लघवी तुंबू शकते. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनने उभे राहिल्यावरचा दाब आणखी उतरू शकतो. रात्रीची लघवी कमी करणाऱ्या डेस्मोप्रेसिनने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते, म्हणून वयस्कर माणसाला ते रक्त तपासत तपासतच दिले जाते. शेजाऱ्याला लागू पडले म्हणून आणायचे हे औषध नव्हे.

प्रोस्टेटचे ऑपरेशन सुचवले गेले तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय होकार देऊ नये. त्रास प्रोस्टेटचा नसून मेंदूकडून येत असेल तर ऑपरेशननंतरही घाई उरते. आजाराच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच लघवीवरचा ताबा सुटला असेल आणि उभे राहिल्यावर दाबही फार घसरत असेल, तर हा कंपवातच आहे की त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आजार, हे पुन्हा तपासावे लागते.

खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण अनेक घरांत घेतले जाते. त्या बियांत लेव्होडोपाच असते, त्यामुळे ते चालू असल्यास लपवू नये. गोळीचा डोस त्यावरही ठरतो.

थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, एका दिवसात अचानक सुरू झालेली बडबड किंवा भ्रम, आणि ओटीपोट फुगून लघवी अजिबात न होणे किंवा थेंबथेंब गळत राहणे, यांपैकी काहीही झाले तर वही लिहीत बसू नये. जवळच्या दवाखान्यात त्याच रात्री न्यावे.

एरवी मात्र वही पूर्ण करूनच निघावे. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायला कोणाला कोल्हापूरचा घाट चढावा लागतो, कोणाला गोव्यातल्या बांबोळीला किंवा मुंबईला जावे लागते, आणि इतक्या लांबून जाऊन दहा मिनिटांत सगळे आठवून सांगणे जमत नाही. वही, चालू औषधांची पाकिटे, दाबाचे आकडे आणि लघवीची ताजी तपासणी एका पिशवीत घालावी. दुसऱ्या पिशवीत मूत्रपात्र, जास्तीचा लेंगा आणि मेणकापड. प्रवासाच्या दिवशीही लेव्होडोपाच्या वेळा चुकवू नयेत. नवीन औषध सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तीन दिवस मोजमाप करावे आणि ते आकडे त्याच वहीत, आधीच्या पानासमोर लिहावेत.